यादीबाहेरचा

त्या वर्षी हिवाळा सरता सरता गावातल्या बारा मुलांची नावं सरकारी कागदावर आली, आणि ती कशासाठी आली हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाण्यातल्या शिपायाने शाळेच्या पटांगणात उभं राहून ती मोठ्याने वाचली. एकेक नाव आलं की माणसं माना वळवून त्या मुलाच्या आईकडे बघत. चौथं नाव धाकट्याचं होतं. आईने मान खाली घातली आणि ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. थोरली तिला खेटून उभी होती. तिने आईचा दंड घट्ट धरला.

"चोरांची नावं असल्यासारखी वाचतोय मेला," आई पुटपुटली.

चोरी नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी दगडाच्या खाणीने गावचं गायरान कुंपणात घेतलं. बाबांच्या चाळीस शेळ्या त्याच गवतावर जगायच्या. कुंपण पडल्यावर बाबांनी त्या थोड्या थोड्या करून विकल्या. शेवटच्या आठ घेतल्या त्या खाणीवरच्याच एका पहारेकऱ्याने. माणूस भला होता, न्यायला आला तेव्हा प्रत्येक शेळीला काय आवडतं ते बाबांना विचारून गेला. तेव्हापासून बाबा ओट्यावर बसून असायचे. हाकायला काही नव्हतं, तरी काठी हातात असायची. खाणीवर कामाला माणसं ट्रक भरभरून बाहेरून यायची, गावातल्या पोरांना फाटकावरूनच वाटेला लावायचे. अशाच एका बाचाबाचीत धाकट्याने दगड भिरकावला, चौकीची काच फुटली आणि त्याचं नाव ठाण्यात जाऊन बसलं.

अशी पोरं डोंगरापलीकडे जातात, असं ठाण्याचं म्हणणं होतं. ते खोटंही नव्हतं. डोंगरापलीकडच्या जंगलात काही माणसं राहायची, त्यांच्याजवळ बंदुका होत्या. गावात त्यांना नुसतं 'पलीकडचे' म्हणत, तेही आवाज खाली आणून. बाजाराच्या दिवशी त्यांच्यातलं कुणीतरी गर्दीत मिसळून यायचं, पोरांच्या खांद्यावर हात टाकून बोलायचं. डोंगर तुमचा, गवत तुमचं, आणि तुम्हीच रिकामे कसे रे? पोरांना पटायचं, कारण तेवढं खरंच होतं. त्यापुढचं जे असायचं, ते पटवून घ्यायला पोरांना फार दिवस लागत नसत.

म्हणून सरकारने ठरवलं की यादीतल्या पोरांना चार महिने काम शिकवायचं. पंपाच्या, पंख्याच्या जळालेल्या विजेच्या मोटारी भरायचं, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायचं काम. त्यांचे हात गुंतले की डोकी आपोआप ताळ्यावर येतील, असा हिशेब.

बाजारगावाच्या कडेला धान्याचं एक जुनं कोठार होतं. तिथे वर्ग भरणार होता. गावापासून पाऊण तासाची वाट. पहिल्या दिवशी धाकटा निघताना आपला शाळेचा दाखला घरी विसरला, आणि तो द्यायला थोरली मागून धावत गेली. ती पोचली तेव्हा दारात योजनेच्या साहेबांची जीप उभी होती आणि त्यांच्या कारकुनाला घाम फुटला होता. पोरं अकराच आली होती. बारावा दोन दिवसांपूर्वीच पलीकडे गेला होता.

"फोटोत बारा दिसले पाहिजेत," साहेब म्हणाले. "वर बारा कळवलेत मी."

कारकुनाने इकडे तिकडे बघितलं. धापा टाकत दारात उभी असलेली थोरली त्याला दिसली.

"काय गं, किती शिकलीस?"

"दहावी."

"ये, उभी राहा इकडे. कडेला. हस जरा."

ती हसली नाही, पण उभी राहिली. फोटो निघाला. जीप गेली. कारकुनाने बाराव्या नावावर रेघ मारली आणि वर तिचं नाव लिहिलं. "आता नाव लागलंय तर येत जा," तो म्हणाला, "हजेरीला बरं पडेल."

घरी आल्यावर आई म्हणाली, "भावावर लक्ष राहील, जा." बाबांनी काठीने ओट्याखालचा एक खडा लांब ढकलला.

शिकवायला एक म्हातारे मास्तर होते. उभा जन्म गिरणीतल्या मोटारी भरण्यात गेलेला. उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. पहिल्या दिवशी त्यांनी एक जळकी मोटार टेबलावर उघडी करून ठेवली आणि सगळ्यांना तिचा वास घ्यायला लावला.

"हा वास ओळखायला शिका. माणूस मेला की रडतात, मोटार मेली की शिव्या घालतात. आपण दोन्ही करायचं नाही. आधी खोलायची, कुठे जळली ते बघायचं."

पोरं हसली. यादी वाचल्यापासून ती पहिल्यांदाच एकत्र हसत होती. मास्तरांनी कुणालाही यादीबद्दल कधी विचारलं नाही. ते फक्त हात बघायचे. "तुझी नखं काप. तुझा हात जड आहे, हातोडीला बरा. आणि तू गं, तुझी बोटं बारीक आहेत, मोटारीच्या खाचेत नीट जातील."

थोरलीला तोवर कुणी तिच्या बोटांबद्दल काही बोललं नव्हतं. भांडी, सरपण, शेण यातच ती झिजली होती. त्या दिवशी वाटेने परत येताना ती दोनदा स्वतःचे हात उलटसुलट करून बघत होती. धाकट्याने बघितलं आणि तिची नक्कल केली.

या वाटेवर आणखी एक जण असायचा. शिट्ट्या. धाकट्याचा लंगोटीयार. काटकुळा, उंच, आणि चालताना तोंडात कायम शिट्टी, म्हणून ते नाव. बाप लहानपणीच गेलेला, आई लोकर विणून घर चालवायची. शिट्ट्याने आजवर कुणाशी भांडण केलं नव्हतं. खाणीच्या फाटकावर दगडफेक झाली त्या दिवशीही तो पोरांना मागे ओढत होता. त्यामुळे यादीत त्याचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. तो रोज दोघांबरोबर बाजारगावापर्यंत यायचा, कुणाचं पोतं उचल, कुणाचं छप्पर शाकार असं मिळेल ते काम शोधायचा, आणि बहुतेक दिवशी तसाच परत यायचा.

तिसऱ्या दिवशी तो त्यांच्याबरोबर थेट कोठारातच आला. केस पाण्याने बसवलेले. कारकुनापुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, मलाही शिकायचंय."

कारकुनाने यादी पाहिली. "तुझं नाव कुठाय?"

"नाही."

"काही केलंयस का? ठाण्यात वगैरे?"

"नाही साहेब. काहीच नाही."

"मग कसा घेऊ? ही योजना बिघडणाऱ्या पोरांसाठी आहे."

पोरं खो खो हसली. शिट्ट्याही हसला. "म्हणजे मी चांगला निघालो, हेच चुकलं माझं."

कारकून अगदीच दगड नव्हता. त्याने पेन कानामागून काढलं. "बारावर एक जास्त घेता येत नाही. कुणी सोडली जागा तर बघू." आणि मग त्याची नजर थोरलीवर येऊन थांबली. "काय गं, तुझं नाव तसंही फोटोपुरतंच होतं. घरी कामं असतील ना तुला?"

थोरलीच्या पुढ्यात त्या वेळी एक छोटी मोटार होती, पंख्याची. तिने स्वतः खोललेली पहिली. जुनी तार तिने नुकतीच उपसली होती आणि प्रत्येक खाच कापडाच्या बोळ्याने पुसून चकचकीत केली होती. तिने वर बघितलं. शिट्ट्या तिच्याकडे बघत होता, त्याने काही मागितलं नव्हतं. तिने मान खाली घातली आणि पुन्हा एक खाच पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती.

एवढंच झालं.

"राहू द्या साहेब," शिट्ट्याच म्हणाला. "तिचं चाललंय चांगलं. माझं पुढच्या वेळी बघा."

"सहा महिन्यांनी दुसरी तुकडी येईल," कारकून म्हणाला.

शिट्ट्या दारातून बाहेर पडला तेव्हा शिट्टी वाजवत होता. थोरलीने ती दूर जाईपर्यंत ऐकली.

पुढचे अडीच महिने सुखात गेले. आता कित्येक वर्षांनी थोरलीचं बाजारगावात स्वतःचं दुकान आहे, दारात जळक्या मोटारींची रांग असते, केस पांढरे झालेत. तरी कुणी विचारलं तर ती सांगते, बरे दिवस म्हणजे तेच. सकाळी कोठाराचं दार उघडलं की धान्याचा जुना वास आणि वार्निशचा नवा वास एकमेकांत मिसळून अंगावर यायचा. पत्र्याच्या भोकातून उन्हाच्या काठ्या खाली उतरायच्या आणि दिवसभर फरशीवरून सरकत जायच्या. मास्तर चहा स्वतः करायचे आणि तो कायम जळका व्हायचा. तारेचे फेरे मोजायची शिस्त मास्तरांनी अशी लावली होती की पोरं वाटेने चालताना पावलंही मोजायची. धाकटा झोपेत आकडे बोलायचा. आईला वाटलं भुताटकी झाली.

यादीतली पोरं तीच होती, पण कोठारात त्यांना वेगळी नावं पडली. चौकीवर दगड मारणाऱ्यांतला एक, पाना आपटून आवाजावरून नट सैल की घट्ट ते सांगायचा, त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणायला लागले. धाकट्याचा हात सगळ्यांत तयार झाला. मास्तर त्याचं काम तपासताना काही बोलत नसत, फक्त पुढच्याकडे जात. ती त्यांची शाबासकी.

शिट्ट्या वाटेवर भेटायचा. आधी रोज, मग एक दिवसाआड. धाकटा त्याला हातवारे करून सगळं शिकवत जायचा, गुंडाळी अशी, जोड असा. शिट्ट्या मन लावून ऐकायचा. मग तो आठवडाभर दिसलाच नाही. दिसला तेव्हा पायात नवे बूट होते.

"कुठले रे?" धाकट्याने विचारलं.

"मिळाले," शिट्ट्या म्हणाला. त्या दिवशी शिट्टी नव्हती.

ऊन तापत गेलं. गावच्या विहिरीचं पाणी खोल गेलं आणि वीज यायची तीही मिणमिणती. एका दुपारी विहिरीवरची मोटार घरघरली, धूर सोडला आणि गप्प झाली. बायका दोन कोसांवरच्या तळ्यातून पाणी आणायला लागल्या. तळं कसलं, हिरवं डबकं. आईच्या मानेवर घागरीने घट्टा पडला. शेजारच्या घरातलं तान्हं पोर जुलाबांनी आजारी पडलं. शहरातून मोटार भरून यायला पंधरा दिवस तरी जाणार होते.

मास्तर म्हणाले, "इथे आणा."

गावातली मोठी माणसं पारावर बसली. "यादीतली पोरं ती," एक म्हणाला. "राहिलेलं जाळून ठेवतील."

तेव्हा बाबा ओट्यावरून उठले. दोन वर्षांत गावाच्या बोलण्यात ते पहिल्यांदा पडले असतील. "मेलेली आहे ती," म्हणाले. "आणखी काय मारणार?" आणि मोटार उचलायला त्यांनीच पहिला हात लावला.

बैलगाडीतून मोटार कोठारात आली. मास्तरांनी ती धाकट्याला आणि थोरलीला दिली. बाकीच्यांना हाताखालची कामं. पहिला दिवस जळकी तार काढण्यात गेला. ती पापडासारखी तुटत होती, बोटांना काळं लागत होतं, नखाखाली तांबं घुसत होतं. थोरलीने छत्तीस खाचा घासल्या आणि प्रत्येकीत कागद कापून बसवला. दुसऱ्या दिवशी मास्तर वार्निश आणायला शहराला गेले. बाकीच्या पोरांना त्यांनी मोटारीचा पंप आणि नळ्या साफ करायला विहिरीवर पाठवलं होतं. कोठारात दोघं भावंडंच होती. धाकटा हाताने फिरवायच्या चरकावर गुंडाळ्या भरायला बसला.

सकाळचे अकरा वाजले असतील. दारात सावली पडली. शिट्ट्या.

"चल," तो धाकट्याला म्हणाला. "बोलावलंय तुला."

धाकट्याचा हात चरकावर होता. "सत्तावीस, अठ्ठावीस. कुणी?"

"माहितेय तुला कुणी."

"एकोणतीस, तीस."

"तुला तारांचं कळतं, हे त्यांच्या कानावर गेलंय. त्यांना तसाच माणूस हवाय. एका दिवसाचं काम आहे म्हणाले." शिट्ट्याने थोरलीकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. "खाणीचं काहीतरी आहे."

थोरलीच्या हातातली कात्री थांबली. मास्तरांनी दिलेल्या विद्येला कुठून मागणी येईल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"पस्तीस, छत्तीस," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "आत्ता नाही उठता येत. मोजणी चुकेल."

"मग एवढं झाल्यावर चल."

"एवढं झालं की दुसरी आहे. एकाने भरलेल्या गुंडाळ्या असतील तरच सारख्या होतात. मी उठलो तर पहिल्यापासून." त्याने वर बघितलं नाही. "तुझी आईही डबक्याचंच पाणी पितेय, शिट्ट्या."

शिट्ट्या दारातच घुटमळला. मग त्याने नवे बूट काढले, दाराशी ठेवले आणि आत येऊन बसला. "थांबतो मी."

तार रिळावरून झटक्याने सुटत होती. एरवी ती धरायला कुणीतरी लागतं. थोरली कागद सोडून उठणार, तोच शिट्ट्याने हात पुढे केला. "दे इकडे. कशी धरायची?"

तिने त्याच्या बोटांत कापडाची पट्टी दिली, तार तिच्यातून ओवली. "घट्ट नाही, सैल नाही. सारखी ठेवायची. हात हलू द्यायचा नाही."

"बघ आता," तो म्हणाला.

आणि त्याने ती धरली. पहिली गुंडाळी झाली, दुसरी झाली. चरक कुरकुरत होता, धाकटा आकडे बोलत होता, आणि शिट्ट्याच्या बोटांतून तांब्याची तार अशी यायची की जणू भिंतीतून येतेय. दुपारी त्यांनी डबा तिघांत खाल्ला. शिट्ट्याने कांदा फोडताना बुक्की चुकवून स्वतःच्या गुडघ्यावर मारली, तिघंही हसून लोळायची वेळ आली. कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय मजेत आहेत पोरं. आणि खरंच होती. थोरलीला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर संध्याकाळ होणारच नाही.

शिट्ट्याने सगळ्या गुंडाळ्यांची तार धरली. उन्हं कलली तेव्हा थोरली त्या एकेक करून खाचांत बसवत होती आणि शिट्ट्या तिच्या बोटांकडे बघत होता.

"तुझ्या हातात आहे हे," तो म्हणाला.

तिच्या ओठावर आलं होतं, माझी जागा घे, आजपासून घे. त्या वेळी ती बोलली असती तर काय झालं असतं, हे तिने पुढे हजारदा मनात घोळवलं. पण अर्धी गुंडाळी खाचेत होती आणि अर्धी बाहेर. तिने अंगठ्याने ती दाबून धरली होती. सोडली असती तर उसळली असती. तिने एवढंच म्हटलं, "उद्या ये ना. वार्निश द्यायचंय."

"बघू."

तेवढ्यात मास्तर शहरातून आले, हातात वार्निशचा डबा. त्यांनी शिट्ट्याला बघितलं, रिकामं रीळ बघितलं, गुंडाळ्यांवर बोट फिरवलं.

"तार कुणी धरली?"

"याने," धाकटा म्हणाला.

"उद्यापासून येत जा," मास्तर शिट्ट्याला म्हणाले. "यादीबिदीचं मी बघतो."

शिट्ट्या बूट घालत होता. नाडी बांधायला त्याला बराच वेळ लागला. "जरा उशीर झाला, मास्तर," तो म्हणाला. मग दारात वळून धाकट्याला म्हणाला, "सांगतो त्यांना. म्हणावं, ते येडं अजून पाने पुसतंय, तारेतलं काही कळत नाही त्याला. पुन्हा बोलावणार नाहीत."

"शिट्ट्या, तू जाऊ नकोस."

"मी नाही गेलो तर ते इथे येतील ना," शिट्ट्या अगदी सहज म्हणाला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी वार्निश देऊन मोटार निखाऱ्यांच्या उबेवर सुकवली. चौथ्या दिवशी ती विहिरीवर चढली. सगळं गाव जमलं होतं. धाकट्याने खटका ओढला आणि डोळे मिटून घेतले. मोटार एकदा हुंकारली आणि फिरायला लागली. नळातून आधी हवा आली, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ. बायकांनी घागरी लावल्याच नाहीत, आधी तोंडं लावली. पारावर 'जाळून ठेवतील' म्हणणारा माणूस धाकट्याच्या पाठीवर इतक्या जोरात थापटत होता की त्याला ठसका लागला. बाबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पाणी प्यायले. थोरली गर्दीत शिट्ट्याची मान शोधत होती. उंच असल्यामुळे ती लगेच दिसायची. दिसली नाही.

नवव्या दिवशी सकाळी खाणीच्या फाटकाशी स्फोट झाला. गावातल्या खिडक्या थरथरल्या. दोन पहारेकरी गेले. त्यातला एक आठ शेळ्या नेणारा. आणि तिथेच शिट्ट्याचं प्रेतही सापडलं. तारांचं ज्याला काही येत नव्हतं, त्यालाच त्यांनी ते काम करायला लावलं होतं.

दुपारपर्यंत ठाण्याची गाडी गावात आली. यादी त्यांच्याकडे होतीच. सगळ्या पोरांना उचललं, बाकीच्यांना सोडलं, पण तारेचं ज्याला सगळ्यांत चांगलं येतं त्या धाकट्याला ठेवून घेतलं. चार दिवस. मास्तर चारही दिवस ठाण्याच्या पायरीवर बसून होते, मांडीवर हजेरीचं पुस्तक. येईल त्या अंमलदारापुढे ते उघडून धरायचे. "हा रोज हजर होता. या वेळी आला, या वेळी गेला. ही बघा सही. आणि त्या दिवसांत हा काय करत होता ते बघायचं असेल तर गावच्या विहिरीवर चला." पहिल्या दिवशी त्यांना हुसकून लावलं. दुसऱ्या दिवशी कुणी बघितलं नाही. चौथ्या दिवशी एका अंमलदाराने पुस्तक हातात घेतलं.

धाकटा घरी आला तेव्हा ओठ फुटलेला होता आणि एक डोळा सुजून बंद झाला होता. आई रडायला लागली. त्याने तिच्यापुढे दोन्ही पंजे पसरून धरले, बोटं हलवून दाखवली. "हात ठीक आहेत," म्हणाला.

महिनाअखेरीस प्रमाणपत्रं वाटायला साहेब आले. पुन्हा जीप, पुन्हा फोटो. गावाला बोलावलं होतं. साहेबांनी भाषण केलं. "मला सांगायला अभिमान वाटतो," ते म्हणाले, "की या योजनेतल्या बारांपैकी एकही तरुण वाकड्या वाटेला गेला नाही. बारापैकी बारा!"

टाळ्या वाजल्या. साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांच्या कागदावर ते तसंच होतं. पाठीमागे भिंतीला टेकून शिट्ट्याची आई उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा म्हणायचं धाडसही केलं नव्हतं. थोरलीचं नाव पुकारलं तेव्हा ती पुढे गेली, प्रमाणपत्र घेतलं, आणि परत येताना तिला कुठे बघावं ते समजेना.

धाकटा आठवडाभरात शहराला गेला, मास्तरांच्या ओळखीच्या कारखान्यात. तिथेच राहिला, तिथेच त्याचं लग्न झालं, पोट सुटलं. गावी येतो तेव्हा त्या दिवसांबद्दल बोलत नाही. दुसरी तुकडी कधी आलीच नाही. योजना दुसऱ्या तालुक्यात हलली.

थोरली मात्र प्रमाणपत्राच्या दुसऱ्याच दिवशी शिट्ट्याच्या घरी गेली. सकाळची वेळ होती. त्या घरी महिन्याभरात कुणी पाऊल टाकलं नव्हतं. त्याची म्हातारी आई दाराशी लोकर सोडवत बसली होती.

"मावशी," थोरली उभ्या उभ्याच म्हणाली, बसली असती तर बोलता आलं नसतं. "ती जागा त्याची होती. तो मागायला आला होता. मला विचारलं, आणि मी गप्प बसले. मला सोडवेना."

म्हातारीने लोकर खाली ठेवली नाही. "आणि शेवटी आला होता म्हणे तुमच्याकडे? कोठारात?"

"हो. पण मावशी, मी काय म्हणतेय…"

"किती वेळ होता?"

"अकराला आला. उन्हं कलेपर्यंत होता."

"जेवला?"

"आमच्यातलंच जेवला. कांदा फोडताना गुडघ्यावर बुक्की मारून घेतली."

म्हातारीच्या तोंडावर काहीतरी हललं. "वेंधळाच होता. काम काय केलं?"

थोरली आता खाली बसली. "तार धरली. सगळ्या गुंडाळ्यांची. मावशी, एकदाही सैल पडली नाही. मास्तरांनी बोट फिरवून बघितलं."

"लहानपणी माझी लोकर धरायचा," म्हातारी म्हणाली. "दोन्ही हातांवर, असा. हात भरून आले तरी हलवायचा नाही." विहिरीवरून मोटारीचा आवाज येत होता. मग तिने लोकरीचं एक टोक थोरलीच्या हातात दिलं आणि दुसरं आपल्याकडे ओढून घेतलं.

"कशाला आला होता गं तो त्या दिवशी?"

थोरलीने हात सारखा धरला. हलू दिला नाही.

"आमच्यात बसायला," ती म्हणाली.

"सांग," म्हातारी म्हणाली. "दारात आला तिथपासून सांग."